अर्क चालतो, वेगळे केलेले भाग चालत नाहीत: दारुहळद आणि एमआरएसए

कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) वनस्पतीच्या अर्काचे भाग वेगळे केले की त्याचा जिवाणूंवरचा परिणाम बरेचदा नाहीसा होतो, आणि नवखा विद्यार्थी तिथेच प्रकल्प सोडतो. घाई करू नका. दारुहळदीतलं बर्बेरीन स्टॅफिलोकॉकसच्या (एमआरएसए हा त्यातलाच, मेथिसिलिनला दाद न देणारा जिवाणू) पेशीत शिरतं, पण पेशीतला नॉरए हा पंप ते बाहेर फेकतो. दारुहळदीच्याच प्रजातीतल्या अमेरिकी झुडपांत हा पंप अडवणारं ५'-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन सापडल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. ते एकटं जिवाणू मारत नाही. दोघं वेगळे झाले की दोघंही निकामी दिसतात. म्हणून सगळे भाग मूळ प्रमाणात परत मिसळून पाहा.

त्याआधी प्लेट (छोट्या खळग्यांची, एकेक खळगा म्हणजे वेल) बिनचूक हवी. अर्कात भिजवलेल्या डिस्कभोवती जिवाणू न वाढल्यानं दिसणाऱ्या वलयावर विसंबू नका, तेलकट घटक अगारमध्ये नीट पसरत नाहीत. थेट एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढा.

अर्क डीएमएसओ या द्रावकात मिलीला १०० मिग्रॅ विरघळवा, मग म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) ५० पट पातळ करा. पहिल्या वेलमध्ये हे २०० मायक्रोलिटर, पुढच्या प्रत्येकीत नुसता ब्रॉथ १००. शंभर-शंभर पुढे नेत जा, शेवटचे १०० टाकून द्या. ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाचं प्रमाणित माप) जिवाणूंचं द्रावण १५० पट पातळ करून सगळीकडे १०० घाला. आता पहिल्या वेलमध्ये अर्क मिलीला १ मिग्रॅ, डीएमएसओ १ टक्का, जिवाणू मिलीला सुमारे ५ लाख. ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा.

डीएमएसओचा आणि नुसत्या ब्रॉथचा कंट्रोल सगळेच ठेवतात. विसरतात तो जिवाणूंविना अर्काचा. अर्कातले पॉलिफेनॉल स्वतःच रेझाझुरिनला (जिवंत जिवाणू ओळखायच्या रंगाला) निळ्याचं गुलाबी करतात, मग मेलेले जिवाणूही जिवंत वाटतात. ही वेल गुलाबी झाली तर रंगावर जाऊ नका. प्रत्येक वेलमधले १० मायक्रोलिटर अगारवर पसरून वसाहती मोजा. सुरुवातीला त्यात सुमारे ५,००० जिवाणू होते, म्हणून ५ किंवा कमी वसाहती आल्या तरच जिवाणू मेले म्हणायचं. एटीसीसी २९२१३ या तपासणीच्या प्रमाणित स्टॅफिलोकॉकसवर व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची एमआयसी मिलीला ०.५ ते २ मायक्रोग्रॅममध्ये आली नाही, तर त्या दिवसाची सगळी रीडिंग्ज रद्द करा, कितीही जीव तुटला तरी.

मिसळलेले भाग चालले तर चेकरबोर्ड लावा, म्हणजे दोन घटक वेगवेगळ्या प्रमाणांत एकत्र तपासा. एफआयसीची (जोडीतली एमआयसी भागिले एकट्याची एमआयसी) दोघांची बेरीज ०.५ किंवा कमी आली, तरच जोडी एकमेकांना बळ देते असं लिहा. ०.७ ला तसं लिहू नका.