‘कोणाला सांगणार नाही’ म्हणण्याआधी: पहिल्यांदा फील्डवर्कला जाणाऱ्यांसाठी

समाजकार्य शिकताना पहिली प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामासाठी संस्था, मिळाली की बहुतेकांना एकच धास्ती असते, क्लायंट, म्हणजे ज्याला मदत करायची तो माणूस, आपल्याशी बोलेल का. उत्तर आधीच देऊन टाकते, बोलेल. आपली तयारी नसते तेव्हा तर हमखास बोलेल. खरी पंचाईत वेगळीच आहे, तो बोलायला लागायच्या आधी आपण त्याला काय कबूल करून बसलोय ही. मी स्वतः तिथेच अडकले होते आणि अजूनही नवीन केस घेताना पोटात गोळा येतो तो त्याच जागी, त्यामुळे बाकीचं भरभर उरकते आणि यावर जरा जास्त बोलते, चालवून घ्या.

थिअरी तुम्हाला येतेच. समाजकार्याचे प्राध्यापक फेलिक्स बीस्टेक यांची १९५७ची केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाबरोबर करायच्या कामाची, सात तत्त्वं परीक्षेत सगळेच लिहितात, त्यातलं शेवटचं गोपनीयता. ‘क्लायंटची माहिती गुप्त ठेवावी’ असं लिहिलं की मार्क मिळतात, आणि मग तेवढंच एक वाक्य डोक्यात घेऊन आपण प्रत्यक्ष माणसासमोर जाऊन बसतो.

आता समजा समोर शाळेतली एक मुलगी आहे. वर्गात गप्प गप्प असते म्हणून टीचरनी पाठवलंय. अर्धा तास ती पेनाचं टोपण काढते, लावते, काढते, लावते. आणि मग एकदम म्हणते, “ताई, तुम्हाला एक सांगितलं तर कोणाला सांगणार नाही ना?” अर्धा तास वाट बघून दार किलकिलं झालेलं असतं, आपल्याला इतका आनंद होतो की तोंडातून निघून जातं, “नाही गं, कोणालाच नाही, तुझ्यामाझ्यातच राहील.” आणि ती सांगते. घरातलाच एक मोठा माणूस तिच्याशी काय करतो ते सांगते.

संपलं. आता हे वर कळवणं तुम्हाला भाग आहे, संस्थेच्या नियमानं आणि बहुतेक ठिकाणी कायद्यानंही, आणि कळवलंत की तिच्या लेखी तुम्ही पण तसलेच. त्या माणसानं पण तिला ‘आपल्यातच राहू दे’ असंच सांगितलेलं असतं हो, हे आपल्या लक्षातच येत नाही! तिला गप्प ठेवायला वापरलेलं वाक्य आपण तिला बोलतं करायला वापरलं आणि वर ते मोडलं. पुढचं मोठं माणूस विचारेल तेव्हा ती कदाचित तोंडच उघडणार नाही. न कळवण्याचा तर प्रश्नच नाही, कारण मग ते चालूच राहील आणि आता ते माहीत असलेलं अजून एक माणूस गप्प बसलेलं असेल.

यात आपला हेतू वाईट नसतो, घाई असते. विश्वास लवकर मिळावा म्हणून आपल्या हातात नसलेली गोष्ट आपण देऊन टाकतो. गोपनीयतेला हद्द आहे हे काही कोणी लपवून ठेवलेलं नाही. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१८ साली डब्लिनमध्ये जे नीतितत्त्वांचं निवेदन मान्य केलं त्यात स्पष्ट आहे की माणसाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल किंवा कायद्याचं बंधन असेल तिथे गोपनीयता थांबते. आणि लगेच पुढचा मुद्दा, ही हद्द आहे हे त्या माणसाला सांगायचं. पहिलं सगळ्यांना आठवतं, दुसरं सांगायचं राहून जातं.

कॅलिफोर्नियातला टॅरासॉफ खटला शिकवताना दोन ओळींत उरकतात, तो नीट समजून घ्या. १९६९ मध्ये एका विद्यार्थ्यानं थेरपीत बोलून दाखवलं की मी अमुक मुलीला मारणार. थेरपिस्टनं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला विचारपूस करून सोडून दिलं, त्या मुलीला किंवा तिच्या घरी कोणीच सांगितलं नाही, आणि त्यानं खरंच तिचा खून केला. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवायला वाजवी पावलं उचलणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे. तुम्ही काम कराल तिथला कायदा वेगळा असेल, तो तिथे जाऊन वाचा, पण यातून एक कळतं की ‘आम्ही वर कळवलं होतं’ म्हटल्यानं आपलं काम संपत नाही.

मग काय बोलायचं? मी जे बोलते ते जसंच्या तसं देते, तुमच्या तोंडी बसेल तसं बदला. “तू जे सांगशील ते मी चारचौघांत बोलणार नाही. माझ्या सुपरवायझरशी बोलेन, कारण तुला नीट मदत करायला मलाही कोणालातरी विचारावं लागतं. पण काही गोष्टी मला माझ्यापाशी ठेवता येत नाहीत. तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या असेल, किंवा एखाद्या मुलाला कोणी त्रास देत असेल तर मला ते कळवावं लागतं. तसं झालं तर कोणाला आणि काय सांगणार हे आधी तुला सांगेन.” शेवटचं वाक्य गाळू नका, त्यातच तिचा हात धरलेला असतो. मात्र आधी सांगितल्यानं धोका वाढणार असेल, म्हणजे ती घाबरून घरी बोलेल आणि त्या माणसाला सुगावा लागेल, तर क्रम बदलतो, आणि ते एकट्यानं ठरवायचं नाही, तेव्हा आधी सुपरवायझरला फोन.

हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचं, आणि विषय त्या बाजूला वळतोय असं दिसलं की परत एकदा. एकदा सांगितलेलं लोकांच्या लक्षात राहत नाही, त्या वेळी ते आपला चेहरा वाचत असतात.

इथे सगळे विचारतात, असं सांगितल्यावर ती गप्प बसली तर? बसेल, बऱ्याचदा बसते. पण सांगायचं की नाही आणि किती सांगायचं हे तिनं ठरवायचं असतं, सात तत्त्वांत स्वनिर्णय पण आहेच की. शिवाय गप्प बसली म्हणजे गेली असं नसतं. लोक आधी छोटी गोष्ट सांगून बघतात, किंवा “माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय” म्हणून सुरू करतात. मैत्रीण खरी की ती स्वतःच, हे उकरत बसू नका. त्या मैत्रिणीबद्दलच बोला, तिला कोण मदत करू शकतं, मदत मागितल्यावर पुढे काय काय होतं ते सांगा. ती सगळं ऐकत असते.

आणि ज्यांनी आधीच शब्द देऊन टाकलाय त्यांनी झोप उडवून घेऊ नका. परत जा आणि सरळ बोला, “मी त्या दिवशी कोणालाच सांगणार नाही म्हटलं ते बरोबर नव्हतं, ते माझ्या हातात नाहीये, का ते सांगते.” ती चिडेल, रडेल, चिडू द्या, तिथून उठू नका. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं शंभर पटीनं बरं.

याच सापळ्याची लहान भावंडं पण आहेत. फॅमिली केसमध्ये बायको बाहेर गाठून म्हणते, “हे ह्यांना कळू देऊ नका.” ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत की पुढच्या जॉइंट मीटिंगमध्ये तुमची जीभ बांधलेली. ग्रुपवर्कमध्ये, म्हणजे अनेकांना एकत्र बसवून काम करताना, ‘इथलं इथेच राहील’ असं तुम्ही बाकीच्यांच्या वतीनं कबूलच करू शकत नाही, फक्त त्यांच्याकडून तसं ठरवून घेऊ शकता. आणि ग्रुप चॅटवर ‘नाव न घेता’ केस टाकणं कृपा करून बंद करा. वय, शाळा, आजार आणि घरात कोण कोण एवढं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल, म्हणजे केसच्या लेखी नोंदींबद्दल, थोडक्यात. फाइल उद्या कोर्टात जाऊ शकते, क्लायंट स्वतः वाचू शकतो, असं धरून लिहा. “क्लायंट आक्रमक आहे” हे तुमचं मत झालं. “दोनदा आवाज चढवला, खुर्ची मागे ढकलली, पाणी दिल्यावर बसले” हे तुम्ही पाहिलेलं. त्याच दिवशी लिहा, त्यांचेच शब्द लिहा. सीनियरची जुनी रिपोर्ट उघडून नावं बदलायचा शॉर्टकट सगळ्यांना माहीत आहे, माझं त्यावर मत कडक आहे. एका माणसाच्या आयुष्याच्या साच्यात दुसऱ्याला कोंबायचं असेल तर हे काम करूच नका. तसंच संमतीच्या फॉर्मचं, सही घेतली म्हणजे समजलं असं नाही. “मी काय काय कळवेन म्हणाले ते तुमच्या शब्दांत सांगा बरं” असं विचारा, लगेच कळतं.

सुपरवायझर नशिबानं मिळतात. “टेन्शन नको घेऊस, आम्ही बघतो” म्हणणारा गोड वाटतो पण शिकवत नाही. “ती नेमकं काय म्हणाली? मग तू काय म्हणालीस?” असं खोदून विचारणारा त्रासदायक वाटतो, त्याला सोडू नका. प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं, लिहायचं ते त्याच्यासाठीच.

कधीकधी वाटतं की सगळं कळवायचं, पाठवायचं, रेफर करायचं, मग आपण करतो काय? १९१५ साली शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेत भर परिषदेत हेच म्हटलं होतं, सोशल वर्कर मुख्यतः मध्यस्थ, इतर व्यवसायांकडे माणसं पोचवणारा, म्हणून हा अजून पूर्ण व्यवसाय नाही. मला हे पटत नाही. त्या मुलीचं प्रकरण कळवल्यावर डॉक्टर शरीर तपासतात, पोलीस जबाब घेतात, कोर्ट तारीख देतं. आज रात्री ती झोपणार कुठे, आई कोणाच्या बाजूनं उभी राहणार, शाळेत परत जाताना तिच्याबरोबर कोण असेल, हे सगळं एकत्र धरून बसणारं कोणीतरी लागतंच आणि ते आपण असतो. रेफरल म्हणजे चिठ्ठी देऊन सुटणं नव्हे, तिथे ती पोचली का, आत घेतली का, हे फोन करून विचारणं त्यातच आलं.

तर पहिल्या मुलाखतीच्या आधी एवढं करा. ते हद्दीचं बोलणं आरशासमोर नको, एखाद्या बॅचमेटसमोर मोठ्यानं बोलून बघा, आणि त्याला मुद्दाम मध्येच विचारायला सांगा, “पण तुम्ही सांगणार नाही ना?” तुमच्या तोंडून ‘नाही’ निघतंय का बघा. लहान मुलांसाठी वेगळं, अजून सोपं तयार करा. आणि भाषांतर करायला कोणी बरोबर बसणार असेल तर हेच सगळं आधी त्याच्याशी बोलून घ्या, तो क्लायंटच्या नात्यातला किंवा ओळखीतला निघाला तर दुसरा मागा.