दोन रस्ते, बारा सकाळी आणि मान-व्हिटनी चाचणी

पुण्यात नळ स्टॉपवरून विद्यापीठ चौकात जायला लॉ कॉलेज रोड बरा की डेक्कनवरून गेलेलं बरं? हा वाद चहाच्या टपरीवर मिटत नाही, घड्याळ लावावं लागतं. रोज एकाच वेळी निघा, सहा दिवस या रस्त्याने, सहा दिवस त्या. कुठल्या दिवशी कुठला, हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळे सोमवार एकाच रस्त्याच्या वाट्याला यायला नकोत.

समजा, मिनिटं अशी आली:

लॉ कॉलेज रोड: १९, २१, २२, २४, २६, ७१
डेक्कनवरून: २३, २७, २८, ३०, ३१, ३३

७१ च्या दिवशी पावसात फांदी आडवी पडली होती. पण या एका फांदीने लॉ कॉलेज रोडची सरासरी ३०.५ झाली, डेक्कनची २८.७. म्हणजे सहापैकी पाच दिवस चटकन पोचवणारा रस्ता सरासरीत हरला! ७१ खोडून टाकायचा मोह होतो. खोडू नका, पुण्यात पाऊस दरवर्षी येतो. अशा वेळी आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरणाऱ्या नॉनपॅरामेट्रिक चाचण्या कामी येतात. दोन गटांसाठीची अशी रीत म्हणजे मान-व्हिटनी चाचणी. ती संख्याशास्त्रज्ञ विलकॉक्सनने १९४५ मध्ये मांडली, मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये पुढे नेली.

बाराही आकडे एकाच रांगेत, लहानापासून मोठ्याकडे लावा आणि १ ते १२ क्रमांक द्या. दोन आकडे सारखे आले, तर त्यांच्या क्रमांकांची सरासरी दोघांना द्या. लॉ कॉलेज रोडला मिळतात १, २, ३, ५, ६, १२, बेरीज २९. ७१ च्या जागी १७१ असते तरी क्रमांक १२ च राहिला असता.

गटात सहा आकडे आहेत, म्हणून २९ मधून १ ते ६ ची बेरीज, २१, वजा करा. उरले ८. हाच यू. डेक्कनचा यू येतो २८. दोन्ही मिळून ६ × ६ = ३६ झाले पाहिजेत; नाहीतर कुठेतरी क्रमांक चुकलाय. याचा अर्थही सोपा आहे: दोन्हीकडचा एकेक दिवस घेऊन ३६ जोड्या लावल्या, तर २८ जोड्यांत लॉ कॉलेज रोड जिंकतो.

आता लहान यू, म्हणजे ८, या चाचणीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहा. सहा-सहाच्या गटांना ०.०५ पातळीवर (म्हणजे रस्ते सारखे असूनही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचहून जास्त नको), दुबाजू चाचणीत (दोहोंपैकी कुठलाही रस्ता जलद निघू शकतो असं धरून), यू ५ किंवा कमी लागतो. आपला ८. म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. ‘दोन्ही रस्ते सारखेच’ असंही मात्र यातून म्हणता येत नाही. सहा दिवस थोडे पडले, एवढंच. दहा-दहा दिवस मोजलेत तर मर्यादा २३ वर जाते.

तिसरा रस्ता आला तर क्रुस्कल-वॉलिस चाचणी (१९५२) लावा. क्रमांक तसेच एकत्र लावायचे. त्यात फरक दिसला, तरी तो कुठल्या दोन रस्त्यांत आहे, हे ही चाचणी सांगत नाही. मग रस्त्यांच्या तिन्ही जोड्या एकेक करून तपासताना ०.०५ ला तीनाने भागा, कारण तीनदा तपासलं की योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता वाढते. आणि दोन मित्र रोज एकाच मिनिटाला दोन रस्त्यांनी निघत असतील, तर आकडे जोडीचे झाले. तिथे मान-व्हिटनी चालत नाही, विलकॉक्सनची चिन्हांकित-क्रमांक चाचणी लावावी लागते. इथे चूक होणं सोपं आहे.

निकाल लिहिताना मध्यकही द्या: २३ आणि २९ मिनिटं, यू = ८, दोन्ही गटांत सहा दिवस. आणि फांदीचा दिवस तळटीपेत.