चिंध्या बांधलेल्या दोरीने खो-खोचं मैदान आखा

भोर, मुळशीकडच्या द्विशिक्षकी शाळेत क्रीडासाहित्य येण्याची वाट बघत बसू नका, खो-खो सुरू करा. याच खेळाचे नियम १९१४ मध्ये आपल्या पुण्यात डेक्कन जिमखान्याने बांधले. बॉल नको, नेट नको, आणि दोन्ही संघांची मिळून अठरा मुलं एका डावात गुंततात.

अडतं ते आखणीपाशी. तिरपं मैदान झालं की मुलं भांडतात. त्यासाठी साधारण साडेबारा मीटर दोरी घ्या, पण नायलॉनची नको, ती ओढली की लांबते. टोकं बांधून बरोबर बारा मीटरचा वेढा करा. गाठीपासून तीन आणि सात मीटरवर रंगीत चिंध्या बांधा. खुणेसाठी दोरीलाच गाठी मारू नका, गाठ लांबी खाते. आता एका मुलाने गाठ, इतर दोघांनी एकेक चिंधी धरून दोरी ताणायची. तीन मीटरच्या चिंधीपाशी काटकोन मिळतो. हे काम सातवीच्या मुलांकडेच द्या, पायथागोरसचा धडा तिथेच होतो.

रेघांना चाळलेली राख चालते. कळीचा चुना मात्र अजिबात नको, डोळ्यांत गेला तर इजा होते. पावसाळ्यात राख टिकत नाही, तेव्हा कुदळीने बोटभर खोल चर ओढा. खांबांना सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळा, आणि मुलं अनवाणी पळणार असतील तर आधी सगळ्यांनी रांगेत चालत खडे, काचा वेचायच्या. हे रोज.