मूळपेशींचे इंजेक्शन घेण्यापूर्वी
बाळंतपणानंतर खोकताना लघवी निसटत असेल आणि इंदुरातील एखाद्या दवाखान्याने मूळपेशींचे (स्टेम सेल) इंजेक्शन सुचवले, तर आधी त्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीचा (क्लिनिकल ट्रायल) सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून घ्यावा व तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. मांडीच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूत टोचण्याची ही पद्धत अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे; आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येते. जिथे तपासणीआधीच पॅकेजचा दर सांगतात, तिथून सरळ उठावे. तोवर फिजिओथेरपिस्टकडून, लघवी थोपवताना जे स्नायू आवळले जातात त्यांचा व्यायाम शिकून घ्यावा आणि तो दिवसातून ३ वेळा, दर वेळी ८ आवर्तने, असा किमान ३ महिने करावा; श्वास मात्र रोखू नये.