आधी सांधा काढा

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्यानं कामाला आलेल्या मुलांना मी प्लॅन काढायला बसवत नाही. भिंत फरशीला टेकते तेवढीच जागा त्यांनी काढायची, तीही १:१ मापात, म्हणजे खऱ्या आकारात. दोन वस्तू एकमेकींना भेटतात ती जागा म्हणजे सांधा. त्या कशा भेटतात, यावरून इमारतीचा स्वभाव कळतो.

उदाहरणार्थ, इटलीतल्या व्हेरोनाच्या कास्तेलवेक्किओ किल्ल्यातलं संग्रहालय. मुख्य काम १९६४ मध्ये पुरं झालं. वास्तुकार कार्लो स्कार्पा यांनी नवी फरशी जुन्या भिंतीला भिडवलीच नाही. कडेनं खाच सोडली. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठून सुरू होतं, हे पायाशीच दिसतं. पाटी लागत नाही.

म्हणून सांधा काढताना स्वतःला आधी विचारा: हा मला लपवायचाय की दाखवायचाय? दोन्ही चालतं, पण ठरवून. वास्तुकार लुई कान यांनी कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत (१९६५) शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बांधल्याची भोकं गिलाव्यानं झाकली नाहीत, शिशानं बुजवून तशीच दिसू दिली. भिंत कशी ओतली गेली, ते आजही वाचता येतं.

मग हात कुठे लागतो ते शोधा. मूठ, कठडा, खिडकीची कडी. एका जिन्याचा कठडा मी सरळ भागात फार जीव लावून काढला होता. वळण मात्र कागदावर आलंच नाही. फॅब्रिकेटरनं तिथे दोन पाइप कापून वेल्डिंग मारलं. नंतर पाहिलं, एक आजी प्रत्येक वळणावर हात उचलायच्या. नेमका जिथे आधार हवा, तिथेच मी तो काढून घेतला होता. अजून सलतं ते. आता चाळीस मिलिमीटरचा लाकडी तुकडा तासून घेते, डोळे मिटून धरते, वळणावरून फिरवते आणि मगच ड्रॉइंगला हात लावते. भिंतीपासून बोटं मोकळी फिरतील एवढी जागाही त्याच वेळी मोजते.

पाण्याचं थोडक्यात: छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ खाच ठेवा, नाहीतर ओघळ भिंतीवर उतरतात.

सगळीकडे एवढा जीव ओतू नका. दोन-तीन जागा निवडा, बाकीच्या साध्या राहू द्या. निवडलेल्या जागेचा खरा नमुना साइटवर करून घ्या, आणि गवंड्याला किंवा सुताराला विचारा, “हे तुम्ही कसं कराल?” बऱ्याचदा तिथेच पेन्सिल पुन्हा हातात घ्यावी लागते.