जुन्या मोटर यॉटचं वायरिंग: आधी ओळख, मग कटर

कटर हातात घेण्याआधी बोट नीट ओळखा. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, उजव्या बाजूला वरच्या अंगाला 12 अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला आहे का ते पाहा. अमेरिकेत नोव्हेंबर 1972 पासून तो सक्तीचा आहे आणि पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची ओळख सांगतात. त्याआधीच्या बोटीत बांधणाऱ्याची पाटी आणि इंजिनावरची पाटी शोधा. हा खटाटोप वायरिंगसाठीच आहे: जुन्या मोठ्या अमेरिकी बोटींत 32 व्होल्टची यंत्रणा सापडते, तर काही बोटींत इंजिनाच्या अंगाला बॅटरीचा प्लस जोडलेला असतो. गृहीत काहीही धरू नका, मल्टिमीटर लावून खात्री करा.

आता किनाऱ्यावरच्या विजेचा प्लग काढा, इन्व्हर्टर बंद करा, बॅटऱ्या सोडवा. जुन्या तारा एकदम उपटू नका. एकेका तारेचा माग काढा, दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा आणि फोटो घ्या. उपटलेल्या गुंत्यातून कोणती तार कुठली, हे पुढे कळत नाही. रंगांनीही दगा बसतो. अमेरिकी पद्धतीत 120 व्होल्टची जिवंत तार काळी असते आणि जुन्या 12 व्होल्टचा मायनसही काळाच. जीव जाऊ शकतो तो या घोळाने. म्हणून नवा मायनस पिवळा ठेवा.

जुनी तार ठेवायची की टाकायची? टोकाचं आवरण दोनेक सेंटिमीटर सोला. तांबं लखलखीत दिसलं तर ठीक. काळं किंवा हिरवट असेल तर आणखी सोलत जा. हातभर सोलूनही काळंच निघालं, तर आवरणाखालून ओल आत शिरली आहे. ती अख्खी तार टाका. नवी तार कल्हई केलेल्या तांब्याची आणि बारीक पदरांचीच घ्या. घरातली एकपदरी तार इंजिनाच्या थरथराटाने तुटते.

तारेची जाडी अंदाजाने ठरवू नका. जाण्यायेण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले 0.0175, भागिले चालणारी व्होल्टेजची घट: उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येतं. नेव्हिगेशन दिव्यांसारख्या महत्त्वाच्या सर्किटला घट 3 टक्क्यांपर्यंतच चालते. 12 व्होल्टवर 6 मीटर लांबचं (जाऊन-येऊन 12 मीटर) 10 अँपिअरचं यंत्र असेल तर चालणारी घट 12 च्या 3 टक्के, म्हणजे 0.36; 12 × 10 × 0.0175 ÷ 0.36, म्हणजे सुमारे 5.8. तेव्हा 6 चौरस मिलिमीटरची तार घ्या.

स्टार्टरची जाड तार सोडून बॅटरीतून निघणाऱ्या प्रत्येक प्लसला शक्यतो 18 सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. बिल्ज पंपाला (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला) मात्र पंपाच्या पुस्तिकेत लिहिलेलाच फ्यूज लावा, कारण कचऱ्याने अडकलेला पंप तार तापायच्या आत स्वतः जळतो. त्याच्या फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचचा) प्लस मुख्य स्विचच्या आधीच घ्या, म्हणजे बोट बंद करून गेल्यावरही पंप चालतो.

जोड रॅचेटच्या क्रिंपरने (पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणाऱ्या पकडीने) दाबा आणि वर गोंदवाली हीटश्रिंक नळी (तापवल्यावर आक्रसणारी) चढवा. फक्त शिशाने डागलेली तार डागाच्या कडेला ताठ होते आणि तिथेच मोडते. प्रत्येक लग (तारेच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) हाताने जोरात ओढून पाहा. तारा दर 45 सेंटिमीटरला बांधा, बिल्जच्या पाण्याच्या पातळीवरून न्या. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात ठिणगी बाहेर न टाकणारेच स्विच वापरा.

शेवटी यंत्र चालू ठेवून बॅटरीवर आणि यंत्राच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 12.6 असताना यंत्रापाशी 12.2 च्या खाली आलं, तर बहुधा एखादा जोड सैल आहे; हात लावून पाहा, तो कोमट लागेल.