चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचं प्रेशरही बघून घ्या

नाशिकला पंचवटीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासणीचं काम करते. डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंट माझ्यासमोर बसतो; नंबर आणि प्रेशर मी बघते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) नीट निचरलं नाही की प्रेशर वाढतं, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मागची नस वाळत जाते आणि बहुतेकदा नजर आधी कडेकडून जाते. पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो, म्हणून पत्ताच लागत नाही. त्रास झाला की दाखवू, असं म्हणून इथे चालत नाही.

चाळिशीचा चष्मा लावायला जाल त्याच वेळी प्रेशर मोजून घ्या आणि मागची नस बघायला सांगा. साधारण 10 ते 21 प्रेशर ठीक मानतात, पण ते 21च्या आत असूनही नस खराब झालेली असू शकते, म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. गाडी चालवायला सोबत कुणाला तरी आणा.

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर धोका कितीतरी वाढतो. घरात कुणाला आहे का विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात. मग मी विचारते, आजोबांची नजर कशानं गेली? तेव्हा आठवतं. वडिलांना दाखवायला आलेला मुलगा बाहेर मोबाइल बघत बसलेला असतो. त्यालाही मी आत बोलावते. मोठा मायनस नंबर आणि मधुमेह असणाऱ्यांनीही दरवर्षी दाखवावं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो लहान मुलांसाठी. उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटते, आई मेडिकलमधून थेंब आणते, दोन दिवसांत लाली जाते. मग वर्षानुवर्षं तीच रिकामी बाटली दाखवून नवी आणली जाते. त्यात स्टेरॉइड असेल तर प्रेशर चढतं, आणि चांगली शिकणारी पोरं नजर गमावून बसतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं नाव असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही घालू नका. दम्याचा पंप किंवा संधिवाताच्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका; फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्राइंडिंग करताना, द्राक्षबागेत तार ताणताना गॉगल लावाच. डोळ्याला मार लागल्यावर काही वर्षांनीही प्रेशर वाढू शकतं.

एक डोळा लाल, ठणका, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडं, असं एकदम झालं तर ते पित्त किंवा अर्धशिशी समजून झोपून राहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

काचबिंदू निघालाच, तर शीर्षासन सोडा, त्याने प्रेशर चढतं. रोज चालायला हरकत नाही. थेंब मात्र नीट घालायला शिका. हात धुवा, मान मागे, खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटा, उघडझाप न करता नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं थांबा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा. बहुतेक थेंब महिन्याभराने टाकून द्यायचे असतात. आणि दमा असेल तर चिठ्ठी लिहिण्याआधीच डॉक्टरांना सांगा, काचबिंदूच्या काही थेंबांनी धाप लागते.